दुसऱ्या पाळीचा पियानो

मी पियानो लावणारा. दोनशे तीस तारा,
एकेकीचा हट्ट मला पाठ.
म्हणून हाल्श्का वेर्नित्स्का बाई म्हणाल्या,
'झाकण काढून ठेवा, पट्ट्यांना कुणी हात लावणार नाही,'
तेव्हा वाटलं, दुरुस्तीचंच काम असेल.

चौसष्टचा नोव्हेंबर, वुच शहर.
कापडगिरणीच्या जेवणघरात
जर्मन मागे टाकून गेले तो काळा पियानो,
एरवी त्याच्या पाठीवर कोबीच्या सुपाची पातेली.

बाईंनी बारा सुती धागे मागवले.
राळ चोळून तारांखालून ओवले.
दोन टोकं दोन हातांत, आणि ओढायचं,
हळू, करवतीसारखं, पण कापायचं काहीच नाही.
वादक नकोत म्हणाल्या, ते फार भावनेनं ओढतात.
दुसऱ्या पाळीच्या बारा बायका हव्यात.
गेनोवेफानं एवढंच विचारलं, 'भरपगारी ना?'
मी मनात म्हटलं,
निघाल्या बाई सुतावरून स्वर्ग गाठायला.

आणि मग तो आवाज.
हातोडी नाही, ठोका नाही,
त्यामुळे सुरुवातही सापडेना.
खोलीत कुणीतरी आधीपासून होतं
आणि आत्ता कुठे दिसायला लागलं, असं काहीसं.
तीस वर्षं माझे कान फक्त चूक ऐकत आले.
त्या दिवशी त्यांना काम मिळेना.

कागदावर शेवटी लाल फुली होती:
इथे धागा तोडा.
एकामागून एक, बारा वेळा. मग शांतता.
एकूण एकोणीस मिनिटं.

पहिल्या रांगेत संचालक, मांडीवर टोपी.
लाल फुली आली.
ब्रोंकाचा धागा तुटला,
आणि तुटल्याचं आम्हाला कळायच्या आत
तिच्या बोटांनी गाठ मारलीसुद्धा.
गाठ तारेखालून गेली, बारीकसं टक्,
आणि सूर पुढे चालू.

बाकीच्या अकरा जणींनी तोडलाच नाही.
फुली दिसत होती त्यांना. हात ऐकेनात.
तुटल्या धाग्याचे पंधरा ग्रोश पगारातून जातात,
गेनोवेफाची तर बावीस वर्षं.
बाईंचा हात हवेत. संचालकांनी घड्याळ पाहिलं.
पंचवीस मिनिटं. चाळीस.
मधूनच कुणाची तरी गाठ, टक्.

दहाचा भोंगा झाला.
बायकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं,
तिसरी पाळी कुठे राहिली, म्हणून.
यंत्र चालू असताना सोडून जायचं नसतं.

'धरा जरा,' गेनोवेफा मला म्हणाली,
दोन्ही टोकं माझ्या हातात दिली
आणि डोक्याचा रुमाल बांधत गेली.

आयुष्यभर मी तार ताणली होती,
ओढली कधीच नव्हती.
धागा तिच्या हातांनी अजून गरम होता.
बाईंनी हात खाली घेतला नव्हता.
शेवटची ट्राम अकरा दहाची.
म्हणजे वेळ होता.