ठिपका

थर्माकोलच्या खोक्यातून आला तो,
ज्यात काल पापलेटं होती.
झाकणावर निळ्या स्केचपेनने:
चांगुणा भानजी, मढ. खोकं परत द्यावे.

वजन त्र्याऐंशी ग्रॅम,
म्हणजे अंगाच्या साबणाची एक वडी.
पंख मात्र मोजायला उघडले
तर टेबलावरची फाईल खाली पडली.
पायांवर उभं राहता येत नाही त्याला,
जमीन त्याच्या अभ्यासक्रमात नाही.
चोचीवर नळीसारखं नाक.
समुद्रच पितो
आणि मीठ नाकातून टाकून देतो.
एक थेंब माझ्या तळहातावर पडला.
चाटून पाहिला नाही, असं लिहिणार होते.
पाहिला.

अर्ज नेहमीचाच.
नाव: जुआनिनचा पेट्रेल.
मराठी नाव: इथे आडवी रेघ मारायची
पद्धत माझ्या आधीपासून आहे.
स्थिती: संकटसमीप.
एकूण संख्या: अंदाज. तोही चाचपडत केलेला.
वीण: सोकोत्रा बेटावर, कड्यांच्या फटींत,
जिथे माणसाचा हात फार उशिरा पोचला.
धोके: मांजरं, उंदीर, दिवे.

दिवे या शब्दाशी थांबले.
खिडकीबाहेर वर्सोव्याचे टॉवर
रात्रीचे साडेदहा असून
कोणाच्या तरी बारशासारखे लखलखत होते.

चांगुणाबाईंना फोन लावला.
तुम्ही याला काय म्हणता?
काय नाय म्हणत, त्या म्हणाल्या.
तो आमच्यात येतो कुठं?
चाळीस वावाच्या पुढं दिसतो,
पाण्याला पोट लावून.
दिसला का समजायचं,
आता मागं वळलं तरी घर दिसणार नाय.

मराठी नावाच्या रकान्यात
एवढं सगळं मावणार नव्हतं.

मग नकाशा काढला. वितरण.
सोकोत्राशी रंग गडद गुलाबी,
ओमानला घासून जातो,
अरबी समुद्रभर पातळ होत होत
मुंबईच्या बोटभर अलीकडे थांबतो.
किनाऱ्यावर मात्र अकरा ठिपके.
ते माझेच. सोळा वर्षांचे.
वाऱ्याने आणून टाकलेले, जुहूच्या वाळूत,
गोराईला, एकदा तर भाईंदरच्या एका गच्चीवर,
आणि अकराही मेलेले.

म्हणजे माझ्या नकाशात पक्षी तिथेच आहे
जिथे तो उरला नाही.
जे जिवंत निघून गेले चाळीस वावांवरून
त्यांची माझ्याकडे नोंदच नाही.

हा बारावा खोक्यात खुडबुडत होता.

तिसऱ्या रात्री वारा पडला.
हरेश्वर, चांगुणाबाईंचा जावई,
म्हणाला, नेतो, पण डिझेलचं तुम्ही बघा.
दोन तास आम्ही बोललो नाही.
मग त्याने इंजिन बंद केलं,
डोलकाठीवरचा एलईडी बंद केला,
मोबाईलसुद्धा पालथा घातला.
मागे शहर तसंच जळत होतं,
त्याला बटण नव्हतं.

तो हातातून उडाला नाही. सरकला.
दाराखालून पत्र सरकवावं तसा
पाणी आणि काळोख यांच्या मधल्या फटीत.
हरेश्वर म्हणाला, गेला?
मी म्हटलं, बहुतेक.

अर्जाच्या शेवटी चार पर्याय असतात:
मृत, जखमी, उपचाराखाली, मुक्त.
चौथ्यावर खूण करताना
पेन आधी चाललंच नाही,
मागच्या पानावर गिरबटून पाहावं लागलं.
ठिपका पेन्सिलीने दिला,
किनाऱ्यापासून आत, जिथे कोणाचाच नव्हता,
आणि तो गुलाबी रंगात येतो की बाहेर
हे भिंग लावूनही ठरलं नाही.

खोकं आज मढला नेऊन दिलं.
चांगुणाबाईंनी नाक खुपसून हुंगलं.
ह्याला कसला वास लागला?
तेलकट, कस्तुरीसारखा काहीतरी,
माझ्या बोटांनाही तो अजून होता.
त्यांनी खोकं नळाखाली धरलं,
एकदा, मग पुन्हा एकदा,
आणि बर्फ भरायला घेतला.