फुंकर

चाळीस वर्षं भट्टीपाशी
व्लास्तिमिलनं वाऱ्याला घाट दिला.
नळीच्या टोकाला लाल काच,
गालांत मोजून घेतलेली फुंकर.

आता नोवी बोरच्या थंडीत
रात्रभर नळी त्यालाच फुंकते.
हवा वाट चुकते,
छाती सोडून पोटात उतरते;
पहाटे पोट तट्ट,
टिचकी मारली तर वाजेल असं.
"जपून," मी म्हणते, "तडकशील."
तो हसत नाही. हसलं की दुखतं.

दवाखान्यातल्या बाईंनी दाब चौदाचा अकरा केला.
पलंगाच्या उशाखाली दोन विटा,
डावी कूस.

काल साडेचारला
लांबलचक ढेकर दिला त्यानं.
खिडकीतली त्याचीच निळी सुरई किणकिणली,
नाहीतर मला तसं वाटलं.

मग यंत्राचा सुस्कारा,
घोरण्याच्या जागी शांतता,
आणि मी जागी.