साठ ते बहात्तर

पंचावन्नला काही नाही.
साठला स्टिअरिंगला हीव भरतं,
बहात्तरला उतरतं,
आणि पुढे नव्वदपर्यंत ही दोन हजार एकची झेन
अशी निघते की जसं काही झालंच नव्हतं.

मी दस्त लिहितो, नेरच्या तहसीलसमोर.
चतुःसीमा लिहायची सवय जात नाही,
म्हणून वहीत टिपलं:
पूर्वेस खड्डे. नसले तरी थरथर आहे.
पश्चिमेस ब्रेक. दाबला तरी तेवढीच.
दक्षिणेस टायर, दोन नवे, रुपये पाच हजार सहाशे.
उत्तरेस अमरावती. तिथे बॅलन्सिंग, तीनदा.
दर वेळी आठवडाभर बरं,
मग पुन्हा तेच, नांदगावच्या वळणाआधी.

साठ ते बहात्तर म्हणजे आमचा सगळा रस्ताच.
त्या वेगात कुंदा बोलत नाही.
डॅशबोर्डाचा कप्पा, किल्ल्यांचा जुडगा, मागच्या काचेची पट्टी
एकदम बोलायला लागतात,
ती पदर दातांत धरून बाहेरची तूर पाहत बसते.
दीड वर्ष मला वाटलं, आवाजामुळे.

दारव्ह्याला वहिद मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक हिवर,
त्याखाली जॅक, आणि बसायला ट्रॅक्टरची सीट.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"हलते त हातात हलते, का बुडाखाली?"
कुंदा दुसरीकडे पाहून हसली.
"हातात."
"मंग पुढचे मागं, मागचे पुढं. जा, फाट्यापर्यंत जाऊन या."

गेलो. साठला हात शांत,
सीट मात्र खालून कोणी चाळणी हलवल्यासारखी.
"गाडीत नाई जी," वहिद म्हणाला, "चाकात हाय."

त्यानं डावं चाक काढून पालथं घातलं
आणि आतल्या काठावरून बोट फिरवलं,
परातीच्या कडेचं पीठ खरवडतात तसं.
काळी माती.
वाळून खापरासारखी झालेली, वीतभर,
तिच्यात बाभळीचा काटा आणि तुरीची शेंग, जशीच्या तशी.

"सर्व्हिसिंगवाला बाहेरून धूते.
बॅलन्सिंगवाला, मशीन सांगते तसं शिसं ठोकते.
मातीच्या समोर शिसं.
उद्या माती जराशी झडली का शिसं जास्त.
मंग तुमी पुन्हा अमरावतीले."

शिशाचे तुकडे त्यानं माझ्या हातात मोजून दिले. सात.
पेचकस लावला, ढेप अख्खी सुटली.
ती कुंदानं घेतली.
"आमच्या वटफळीच्या पांधणीतली," ती म्हणाली.

काळी माती सगळीकडची सारखीच,
असं मी म्हणालो नाही.
पांधणीत गाडी एकदाच घातली होती,
तिच्या दादाच्या तेरवीला.
निघताना रुतली. आठ जणांनी ढकलली,
आणि मी आत बसून ओरडलो होतो,
"कशाला आलो इथं."
आठातला एक तिचा भाचा,
डोकं भादरलेलं, चिखल कानापर्यंत.

चाक धुतलं. पलीकडच्या दुकानात नव्यानं बॅलन्सिंग,
दोन तुकड्यांत भागलं.

परतताना पासष्ट.
कप्पा गप्प, किल्ल्या गप्प.
ढेप तिच्या पायाशी, टायरच्या पावतीवर.
कुंदानं पदर सोडला, म्हणाली,
"त्या दिवशी तुमी,"
आणि मग सगळं म्हणाली,
बंद पडलेल्या रेल्वेच्या फाटकापासून
नेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत.
मी वेग कमी-जास्त केला नाही.

दारात उभी केली तर थोडी हलते अजून,
इंजिन चालू असेपर्यंत.
ते वेगळं, वहिदनं आधीच सांगितलंय:
इंजिनाखालची रबरं हायत, कडक झाली.
चालतात तोवर चालवा,
मंग या.