तांबडी रेघ

उद्यमनगरात, इर्शाद शिकलगारच्या गॅरेजात
काउंटरवर तीन कॅमेरे मांडलेले,
वाटाण्याएवढ्या भिंगांचे.
हा अठराशेला, एक पावसाळा काढेल.
हा सव्वातीन हजारांचा, रात्रीचं बी दिसतंय.
आणि हा बिनवायरचा.
"ह्यो नको घेऊस भावा,
गर्दीत शेजारच्या गाडीचं ढुंगण
तुझ्या पडद्यावर येतंय."

आम्ही हसलो. भुपाल हसला नाही.
तो फाळक्यावर पाय सोडून बसलेला,
शेंगा खात, टरफलं खिशात टाकत.
सोमवारपासून शिरोलीच्या फौंड्रीत लागणार होता,
तिथं पीएफ कापतात, दुपारचं जेवण देतात.
आणि मला मान वळवता येत नाही, दोन वर्षं झाली,
चौथा मणका, पाचवा मणका,
डॉक्टरनं फोटोत पेनानं दाखवलेला.
त्याचं जाणं आणि माझी मान
मिळून सव्वातीन हजार झाले.

इर्शाद गाडीखाली गेला.
चासीच्या कडेनं वायर ओढली, वीतभरावर एकेक क्लिप,
सायलेन्सरपासून लांब,
रिव्हर्सच्या दिव्यातनं करंट.
"फाळक्यावर बसवू, का नंबरप्लेटच्या वर?"
फाळका माल भरताना खाली पडतो,
मग कॅमेरा जमीनच बघत बसणार.
प्लेटच्या वर, ठरलं.
एक बारीक पांढरी वायर त्यानं पकडीत धरली,
"ही तोडली की आरशागत दिसंल, डावं डावीकडं.
तशीच ठेवली तर
समोरचा माणूस तुला बघतोय, तसं."
तोड म्हणालो.

पडद्यावर रेघा आल्या. हिरवी, पिवळी, तांबडी.
खऱ्या का खोट्या बघायला
इर्शादनं खडूनं रस्त्यावर फूट मोजले
आणि भुपालला म्हणाला, "जा, हुबा ऱ्हा रोजच्यागत."

मी रिव्हर्स टाकला.

अकरा वर्षं मी त्याचा नुसता आवाज ऐकलाय.
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
कट मार, हान, हान, आणि जरा
आणि मग फाळक्यावर थाप. बास.
शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला, चाळीस गाड्यांच्या कलकलाटात
त्या थापेवर मी डोळे झाकून ब्रेक मारलाय.
तो कसा उभा राहतो
ते बघायचं कधी कामच पडलं नव्हतं.

पडद्याला आवाज नव्हता.
भिंगात फुगलेला एक माणूस,
तोंड हलतंय,
उजवा हात हवा ओढतोय
विहिरीतनं घागर वर घेतल्यागत,
डावा हात वर, चित्राच्या बाहेर,
म्हणजे फाळक्याला टेकलेला,
एका स्लीपरचा अंगठा तारेनं बांधलेला,
आणि दोन्ही पाय
तांबड्या रेघेच्या आत.
इर्शादनंही बघितलं. पाना पुसत राहिला.

"मागं सर की लेका," मी खिडकीतनं ओरडलो.
"मागं सरलो तर थाप कशी पोचंल?"
शेंगा संपल्या होत्या.
टरफलं त्यानं आता गटारात झाडली.
पैसे देताना इर्शादनं दोनशे परत केले,
का ते मी विचारलं नाही.

मंगळवारी सौद्याला एकटाच गेलो.
पहाटेचे साडेपाच, गाडीत गुळाचे रवे,
धक्क्यावर हमाल अजून चहाला.
रिव्हर्स टाकला. पडदा उजळला.
मागं भिंत, एक उताणी पाटी, कोण नाही.
हिरव्यातनं पिवळ्यात आलो.
आणि तांबड्या रेघेवर काहीतरी काळं,
रेडकाएवढं, पाय हलवत चाललेलं.
कचकन ब्रेक मारला.
उतरून मागं गेलो, मान वळत नाही,
अख्खाच वळलो.

भिंगाला कुणाचा तरी गुळाचा हात लागला होता.
त्यावर मुंगी.