दीड बादली

फजरच्या अजानीआधी मी शिडी लावते.
चौसष्ट पॅनेलं, उत्तरेकडे जराशी कललेली,
आणि त्यांच्यावर रात्रभर वाऱ्याने
आणून टाकलेलं मीठ.

ते गोड्या पाण्यानेच पुसायचं असतं.
खाऱ्याने पुसलं तर पांढरे ओघळ राहतात,
दुपारी काटा चढत नाही.
म्हणून रोज दीड बादली.
रांगेतल्या बायका बघतात, बोलत नाहीत.
एकदाच म्वानाखेरी म्हणाली,
"माणसं तहानलेली ठेवून
तू उन्हाला पाणी पाजतेस होय गं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते हिशेबाचं होतं,
आणि तिच्या कडेवरचं पोर
कॅनच्या झाकणाची आतली बाजू चाटत होतं.

आमच्या जुन्या विहिरीत दोन पाणी होती.
वर गोडं, दोन बोटं.
खाली समुद्र, पाय पोटाशी घेऊन निजलेला.
करवंटी अलगद टेकवायची, श्वास धरून.
जरा घाई झाली की तो जागा व्हायचा
आणि दिवसभर चहात, भातात
त्याने कूस बदललेली कळायची.
लग्नाआधी माझी परीक्षा त्यावरच झाली.
सासूने, मिझेने, घोट घेतला.
म्हणाली, हात हलका आहे.
दुसरं काही विचारलंच नाही.

यंत्राला हलका हात लागत नाही.
ते सरळ समुद्राला उठवतं
आणि पडद्यावर रेटतं, ऊन असेल तोवर.
लामूहून होडीने ते घेऊन आला ओमोंडी,
किसुमूचा, ज्याच्या दारात आख्खं सरोवर.
त्याने शिकवलं: दाब किती, फिल्टर कधी,
कुठला आवाज म्हणजे आजारपण.
आणि जाता जाता, बॅगेची चेन ओढताना:
तीन कॅन आत गेले की एक गोडा निघतो.
उरलेल्या दोघांत तिघांचं मीठ.

ते दोघे कुठे जातात, कुणी विचारत नाही.
मी जाते बघायला, पाइपाच्या तोंडाशी.
तिथे खारफुटीत खेकडे असायचे, लाल नांग्यांचे.
तेव्हा मोजले नव्हते.
आता मोजते.

मिझेला नवं पाणी आवडलं नाही.
पोट दुखायचं थांबलं, हे ती कबूल करते.
पण चहात अजून चिमूटभर मीठ टाकते.
सत्तर वर्षं खाल्लं, म्हणते,
जागायला नको?

गेल्या महिन्यात ढग आले.
न बरसणारे, नुसते बसून राहणारे, पाहुण्यांसारखे.
एक दिवस, दोन दिवस, चार.
नळ आधी बारीक झाला, मग थेंब, मग ऊं असा आवाज.
पोरी जुन्या विहिरीवर गेल्या, प्लास्टिकचे मग घेऊन.
एकीलाही जमलं नाही. हात जड.
समुद्र उठला तो निजेचना.
मिझे काठावर बसून होती,
काही बोलली नाही.
तिची बोटं मात्र मांडीवर
रिकामी करवंटी धरल्यासारखी वाकलेली.

पाचव्या पहाटे तारे दिसले. म्हणजे ऊन येणार.
टाकीचं झाकण उघडून मी टॉर्च मारला.
तळाशी होतं, काढलं. मोजून
दीड बादली.

वर चौसष्ट पॅनेलं, चार रात्रींच्या मिठाने पांढरी.
खाली रांग, अंधारात, पिवळे कॅन पायाशी.
बादली दोघींच्या मध्ये ठेवली आहे
आणि मी म्वानाखेरीकडे बघत नाही.

तिने ओंजळ बुडवली. पोराला पाजली.
पुन्हा एकदा.
मग बादली उचलून माझ्या हातात दिली,
शिडीला खांदा लावला आणि म्हणाली,
चढ.

त्या दिवशी त्रेसष्टच पुसून झाली.
शेवटचं तसंच राहिलं,
पांढरं.