तात्पुरती

सिरॅक्यूसमध्ये एप्रिलातही बर्फ.
बूट आपटत मी वर्गात शिरतो.
खांडेपारकर त्यांच्या जिभेवर बसत नाही,
मुलं 'प्रोफेसर के' म्हणतात. मीही सुधारत नाही.
परराष्ट्र खात्यात चौतीस वर्षं काढली,
कुठं गप्प बसायचं तेवढं नीट कळतं.

आज तह शिकवायचा होता.
फळ्यावर खडूनं एक रेघ ओढली,
सांगितलं, पहाटेचे चार, कॉफीचं पाणी झालेलं,
दोन्ही बाजू हटून बसलेल्या,
तेव्हा 'सीमा' या शब्दाआधी
मी एक विशेषण सरकवलं: तात्पुरती.
सगळ्यांनी सह्या केल्या.
मला बढती मिळाली.

इथं मुलं हसतात. दर वर्षी.

नारीन उठली. वाटलं, प्रश्न असेल.
ती फळ्यापाशी आली,
रेघेच्या पलीकडे बोट टेकवून
तिनं एका गावाचं नाव घेतलं.
सत्तावीस वर्षं मी ते चुकीचं उच्चारत आलोय.
"आजीची विहीर," म्हणाली,
आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपला. डस्टर उचललं,
पुन्हा ठेवलं.
यानंतर गणिताचा वर्ग असतो.
ते पुसतील.