गंज चढवताना

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी गंज नाकारत आलो.
कास्टिंग उजेडाकडे फिरवायचं,
बोटाला तांबूस लागलं की पांढऱ्या खडूनं फुली.
त्या फुलीचाच पगार होता.

आता टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
भाच्याच्या खोलीत बसून
खोकल्याच्या औषधाच्या झाकणाला
गंज चढवतो आहे.

झाकण म्हणजे टाकी.
संपलेल्या रिफिलींचे पाइप.
कुंद्याचा खोका उसवून भिंत केली,
खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला
तर आत पन्हळी पत्रे तयारच होते.
माणसं करंगळीच्या पेराएवढी,
हातात बंदुका, चेहऱ्यावर अजून नुसता प्रायमर.
रविवारी इथं युद्ध आहे.

शार्दूलनं आधी स्वतः रंगवून बघितलेलं:
सगळीकडे सारखा नारिंगी,
नवरदेवाला हळद लावावी तसा.
म्हटलं, हा गंज नव्हे की रे.
गंजाला वाट असते.
पाणी थांबतं तिथं तो बसतो,
रिव्हेटच्या खाली, जोडाच्या ओठात,
आणि तिथून बारीक उतरतो खाली
शेंबड्या पोराच्या नाकासारखा.

आधी काळपट तपकिरी. मग विटकरी.
नारिंगी अगदी शेवटी, तोही कंजूषपणे.
भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तोडायचा,
रंगात बुडवून जवळजवळ सगळा कागदावर पुसायचा,
उरेल तेवढ्यानं टिपायचं.
पोपडे हवेत तिथं तपकिरीवर ओलं मीठ,
मिठावर निळा. सुकला की अंगठ्यानं खरवडायचं.

मीठ मागितलं तशी बहीण दारात आली.
"काय करूलालास रे अण्णा?"
"गंज करूलालोय."
मीठ देऊन ती गेली.
जरा वेळानं परत येऊन म्हणाली,
"गच्चीवरच्या टाकीचा स्टँड बघून ये.
तिथं फुकट झालाय."

फाटकावरच्या पाटीवर काय लिहायचं?
शार्दूलनं इराण्णाकडे बघितलं,
इराण्णानं फाशांकडे.
"मामा, कुठल्याबी भाषेत लिवा,
वरनं गंजच येणार की."
मी दोन्ही लिहिल्या, एकीवर एक,
आणि स्पंज मारला.
राहिलं एक वळण. कुणाच्या अक्षराचं, आता मलाही सांगता येणार नाही.

भट्टी करताना मात्र
चित्र बघायची गरज पडली नाही.
हातानं आपोआप दार डावीकडे लावलं,
दाराला खाली पोचा दिला.
ते दार अडकायचं, आणि गुरुशिद्दप्पा
रोज पहिल्या पाळीला टाचेनं लाथ घालायचा, तिथंच.
त्या पोचाला मी रंग लावला नाही.
रोज काहीतरी लागतं तिथं गंज धरत नाही,
राखाडी चकाकी राहते, रुपयाएवढी.
इथं मोहरीएवढी.
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली,
आता तिथंही चढला असेल.
पण मी नाही चढवला.

शनिवारी सायकल काढून गेलो.
वॉचमन नवा, त्यानं ओळखायचं काही कारण नव्हतं.
कागद धरून फाटकाच्या बिजागरीखाली
किल्लीनं खरवडलं.
"काय पाहिजे?" "थोडा गंज."
त्यानं हातानंच सांगितलं, घे, न्ये सगळा.
ती पूड बोटानं भट्टीला चोळली,
फुंकर मारली, उरेल ती राहू दिली.

रविवारी चौघं पोरं, दोन पट्ट्या, फाशांचा खडखडाट.
शार्दूलचा एकच शिपाई उरला,
भट्टीच्या दारामागं, पोचाशी टेकून.
आडोसा आहे, म्हणाले. चार किंवा वर पडले तर वाचला.
फासा टेबलाखाली गेला.
सगळे वाकले. मीही वाकलो, गुडघे धरून.

पाच.

संध्याकाळी आवराआवर.
शार्दूलनं भट्टी उचलून कपाटावर ठेवली,
मग आपली बोटं बघितली, तांबूस,
आणि पँटीला पुसली.
माझा हात खिशात गेलेला होता,
खडू शोधत.